करारात ‘गंभीर बिघाड’ कसा लिहावा: सॉफ्टवेअर आणि लीज्ड लाइन घेणाऱ्या छोट्या संस्थांसाठी मार्गदर्शक

मी एका सहकारी पतसंस्थेच्या संगणक विभागात अकरा वर्षे काम केले. बारा शाखा, एक मुख्य कार्यालय, त्यांना जोडणाऱ्या लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेल्या, फक्त आपल्या वापराच्या डेटा जोडण्या) आणि ठेवी-कर्जाचे सगळे व्यवहार सांभाळणारे एक सॉफ्टवेअर, एवढा आमचा पसारा होता. एका वर्षी मार्चअखेरच्या दुपारी शाखांमध्ये रांगा लागलेल्या असताना एकेक नोंद जायला चार-चार मिनिटे लागू लागली. लाइन पुरवणाऱ्या कंपनीने ‘लिंक अप आहे’ असे कळवले. सॉफ्टवेअर कंपनीने ‘सर्व्हर चालू आहे, ही मंदगतीची तक्रार आहे’ असे सांगून आमचे टिकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, तिसऱ्या पातळीवर टाकले, आणि त्या पातळीच्या तक्रारीला करारानुसार तीन कामकाजाचे दिवस मिळत होते. रात्री साडेनऊपर्यंत आमच्या शाखांनी हाताने पावत्या लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही करार उघडून वाचले. दोन्हींत जवळजवळ सारखेच वाक्य होते: ‘गंभीर बिघाड झाल्यास पुरवठादार तातडीने उपाययोजना करील.’ गंभीर म्हणजे काय, तातडीने म्हणजे किती वेळात आणि उपाययोजना पूर्ण झाली हे कोणी ठरवायचे, यांपैकी काहीही त्यात नव्हते. त्यानंतरच्या वर्षांत मी असे सात करार नव्याने लिहून घेतले. त्या कामात जे हाती लागले ते पुढे क्रमाने मांडले आहे. मी वकील नाही. अंतिम मसुदा वकिलांकडून तपासून घेणे आवश्यकच आहे, पण तुमचे काम नेमके कुठे अडते हे वकिलांना तुमच्याखेरीज कोणी सांगू शकत नाही आणि व्याख्येचा गाभा तिथेच असतो.

बसण्यापूर्वी हाताशी ठेवायची कागदपत्रे

- सध्याचा मूळ करार, त्याची सर्व परिशिष्टे आणि वर्क ऑर्डर. बिघाडाच्या अटी बहुधा परिशिष्टात असतात आणि मूळ करारातले एखादे कलम त्या निष्प्रभ करत असते, म्हणून दोन्ही एकत्र वाचावे.
- मागील बारा महिन्यांच्या तक्रारींची नोंदवही, टिकेट क्रमांकांसह.
- पुरवठादाराने दिलेले मासिक उपलब्धता अहवाल.
- शाखानिहाय व्यवहारांची संख्या, दिवस आणि तासांनुसार.
- तुमच्या वार्षिक कामाचे वेळापत्रक: व्याज जमा करण्याचे दिवस, मार्चअखेर, लेखापरीक्षण, वार्षिक सभा.
- पुरवठादाराची एस्कलेशनची यादी, म्हणजे कोणत्या तासाला कोणाला फोन करायचा ती साखळी.

१. आधी स्वतःचे काम मांडा, यंत्रांचा विचार नंतर करा

पुरवठादाराचा मसुदा नेहमी त्याच्या यंत्रांच्या भाषेत असतो: सर्व्हर चालू आहे की बंद, पोर्ट अप आहे की डाउन. तुमची व्याख्या तुमच्या कामाच्या भाषेत सुरू झाली पाहिजे. त्यासाठी एक कागद घ्या आणि संस्थेतली जी कामे थांबली तर सभासदाला काउंटरवरून परत जावे लागते ती सगळी लिहून काढा. आमच्या यादीत रक्कम काढणे, रक्कम भरणे, पासबुक छापणे, कर्जाचा हप्ता स्वीकारणे आणि दिवसअखेर प्रक्रिया अशी पाच कामे आली. प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा: हे काम किती वेळ थांबले तर चालते, आणि तोपर्यंत हाताने करता येते का. पासबुक छपाई दिवसभर थांबली तर लोक नाराज होतात, पण रक्कम काढण्याचे काम अर्धा तास थांबले की दवाखान्याच्या बिलासाठी आलेला माणूस अडकून पडतो.

हा कागद विभागप्रमुखाने एकट्याने तयार करू नये. आमच्या यादीत दिवसअखेर प्रक्रिया मुळात नव्हती. ती रात्री अडली तर सकाळी एकही शाखा उघडू शकत नाही, ही गोष्ट एका वरिष्ठ रोखपाल बाईंनी लक्षात आणून दिली.

२. पातळ्या ठरवा आणि पातळी कोण ठरवणार हेही लिहा

बहुतेक करारांत बिघाडांच्या तीन किंवा चार पातळ्या असतात. बोलण्यात त्यांना पी-१, पी-२ असे म्हणतात, काही कंपन्या सेव्ह-१, सेव्ह-२ म्हणतात. पातळ्यांची संख्या कितीही असली तरी पहिल्या पातळीची व्याख्या काटेकोर असली पाहिजे, कारण बाकीच्या पातळ्या तिच्या खालून मोजल्या जातात. पहिली पातळी ठरवताना काय थांबले, किती ठिकाणी थांबले आणि पर्यायी मार्ग आहे का, हे तीन प्रश्न एकत्र घ्या.

आमच्या करारातली पहिल्या पातळीची व्याख्या साधारण अशी होती:

‘परिशिष्ट अ मधील कोणतेही अत्यावश्यक काम एका किंवा अधिक शाखांमध्ये सलग १५ मिनिटे पूर्णपणे थांबणे, किंवा त्या कामाची एक नोंद पूर्ण होण्यास सलग १५ मिनिटांच्या काळात सरासरी ३० सेकंदांहून अधिक वेळ लागणे, किंवा व्याज, शिल्लक अथवा हप्त्याची गणना चुकीची होणे, किंवा एका सभासदाची माहिती दुसऱ्या सभासदास वा अनधिकृत व्यक्तीस दिसणे, यांपैकी काहीही घडल्यास तो पहिल्या पातळीचा गंभीर बिघाड समजला जाईल.’

आकडे आमच्या संस्थेच्या गरजेचे आहेत, तुमचे वेगळे असतील. मात्र तिसरा आणि चौथा भाग कोणत्याही परिस्थितीत सोडू नका. सॉफ्टवेअर पूर्ण वेगाने चालू असते, सगळे दिवे हिरवे असतात आणि आतल्या आत हजार खात्यांवर चुकीचे व्याज जमा होत असते. केवळ ‘बंद पडणे’ एवढीच व्याख्या असलेल्या करारात हा बिघाड किरकोळ दुरुस्तीच्या यादीत जाऊन बसतो. बंद पडलेली यंत्रणा निदान सगळ्यांना दिसते, पण चुकीची गणना लेखापरीक्षण होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

पुढचा मुद्दा पातळी ठरवण्याच्या अधिकाराचा. पुरवठादाराचा मसुदा म्हणतो की तक्रारीची पातळी ‘पुरवठादाराच्या निर्णयानुसार’ ठरेल. हे शब्द तसेच राहू दिले तर वरची सगळी व्याख्या वाया जाते. त्याऐवजी असे लिहून घ्या की टिकेट नोंदवताना ग्राहक सांगेल ती पातळी लागू होईल आणि पुरवठादार त्याच पातळीनुसार काम सुरू करील; त्याला मतभेद असल्यास तो बिघाड दूर झाल्यानंतर पाच दिवसांत लेखी नोंदवील; आणि ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय पातळी खाली आणता येणार नाही. पुरवठादार म्हणेल की मग तुम्ही प्रत्येक तक्रार पहिल्या पातळीची म्हणाल. ही शंका रास्त आहे आणि तिला उत्तरही आहे: एका तिमाहीत तीनपेक्षा अधिक टिकेटे चुकीने पहिल्या पातळीवर टाकली असे निष्पन्न झाल्यास जादा टिकेटांचा खर्च ग्राहक देईल, अशी अट आम्ही स्वतःहून मांडली. त्यानंतर वाटाघाट सोपी झाली.

पर्यायी मार्गाबाबतही सावध राहा. पुरवठादार ‘वर्कअराउंड दिला’ म्हणून टिकेट खालच्या पातळीवर नेतो. तो पर्याय तुमच्या कर्मचाऱ्यांना जादा माणसे न लावता झेपतो की नाही हे तुम्हीच ठरवणार, असे एक वाक्य घाला.

३. ‘उपलब्धता’ टक्क्यांत वाचू नका, मिनिटांत वाचा

९९.५ टक्के हा आकडा ऐकायला फार चांगला वाटतो. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात आणि त्यांचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटे. ९९ टक्के म्हणजे ७ तास १२ मिनिटे, ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटे. वर्षाच्या हिशेबाने ९९.५ टक्के म्हणजे जवळजवळ ४४ तास, आणि उपलब्धता ‘वार्षिक सरासरीने’ मोजली जाईल असे कलम असेल तर हे ४४ तास सलगही येऊ शकतात.

दुसरा सापळा कोणते तास धरायचे याचा आहे. आमच्या शाखा दिवसाला ९ तास, महिन्यातून २६ दिवस उघड्या असत, म्हणजे २३४ तास. या वेळेत सेवा साडेतीन तास बंद राहिली तर ७२० तासांच्या हिशेबाने उपलब्धता ९९.५१ टक्के भरते आणि करार पाळला गेला असे ठरते. २३४ तासांच्या हिशेबाने तीच उपलब्धता ९८.५ टक्के होते. रात्री दोन वाजता कोणी न वापरलेली सेवा दुपारच्या बिघाडाची भरपाई करते, असा हा हिशेब आहे. म्हणून कामकाजाच्या तासांची उपलब्धता वेगळी मोजली जाईल असे स्पष्ट लिहा.

तिसरा सापळा सगळ्या शाखांच्या सरासरीचा. बारा शाखांपैकी एक शाखा महिन्यातला एक अख्खा दिवस बंद राहिली तर ३६० शाखा-दिवसांपैकी एक गेला आणि सरासरी ९९.७२ टक्के आली. त्या गावातल्या सभासदांसाठी संस्था दिवसभर बंदच होती. उपलब्धता प्रत्येक शाखेची स्वतंत्रपणे मोजून घ्या.

४. लीज्ड लाइनसाठी ‘चालू पण निरुपयोगी’ या अवस्थेला नाव द्या

लाइन पूर्ण बंद पडली तर वाद होत नाही. वाद होतो तो लाइन चालू दिसते पण पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, वाटेत गळतात, किंवा ती दर पाच मिनिटांनी तुटते आणि जुळते, तेव्हा. दूरसंचारातल्या जाणकारांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.८२६ या शिफारशीनुसार ज्या सेकंदात ३० टक्के किंवा अधिक डेटा-खंड सदोष येतात तो ‘गंभीर त्रुटीचा सेकंद’ मानला जातो. असे दहा सेकंद सलग आले की जोडणी अनुपलब्ध झाली असे धरतात आणि ते दहा सेकंदही अनुपलब्ध काळातच मोजतात. जोडणी पुन्हा उपलब्ध ठरायला दहा सेकंद सलग चांगले जावे लागतात. बिघाडाचा आरंभ आणि शेवट दोन्ही मोजमापाने बांधलेले आहेत, पहिला चांगला सेकंद दिसताच घड्याळ थांबत नाही. छोट्या संस्थेला सेकंदांचा हिशेब ठेवण्याची गरज नाही, पण हे तत्त्व जसेच्या तसे घ्यावे.

आम्ही ते असे उतरवले: सलग १५ मिनिटांच्या काळात पॅकेट लॉस २ टक्क्यांहून अधिक असल्यास लाइन बंद समजली जाईल, एका तासात लाइन पाचपेक्षा अधिक वेळा तुटल्यास पहिल्या तुटण्यापासून शेवटच्या जुळण्यापर्यंतचा सगळा काळ बंद समजला जाईल, आणि लाइन सलग ३० मिनिटे स्थिर राहिल्याखेरीज ती पूर्ववत झाली असे मानले जाणार नाही. दुसरे वाक्य आमच्या सर्वाधिक उपयोगी पडले. त्याआधी पुरवठादाराच्या अहवालात दिवसभराचा त्रास ‘एकूण ११ मिनिटे’ असा दिसायचा, कारण तुटलेल्या क्षणांचीच बेरीज केली जायची.

पर्यायी लाइन घेत असाल तर ती खरोखर वेगळ्या मार्गाने येते का, हे नकाशासह लेखी मागा. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. बाजाराकडे दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या, तरीही दोन्ही अस्थिर झाल्या, आणि रस्त्याकडेचे खोदकाम व बांधकाम हे त्याचे कारण पुढे सांगण्यात आले. देशातल्या एवढ्या मोठ्या संस्थेवर ही वेळ आली, मग तालुक्याच्या गावात दोन कंपन्यांच्या केबल एकाच चरातून आलेल्या असणे अगदी शक्य आहे. आमच्या दोन शाखांमध्ये तसेच निघाले.

५. घड्याळ केव्हा सुरू होते आणि केव्हा थांबते

बिघाडाचा काळ ‘टिकेट नोंदवल्यापासून’ मोजला जाईल असे मसुद्यात असते. टिकेट क्रमांक मिळायलाच चाळीस मिनिटे लागली तर ती चाळीस मिनिटे कोणाच्याच खाती जात नाहीत. म्हणून निरीक्षण यंत्रणेतली पहिली नोंद, ग्राहकाचा पहिला फोन किंवा ईमेल, आणि टिकेट, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून काळ मोजावा.

प्रतिसादाचा वेळ आणि दुरुस्तीचा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवख्या माणसाची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. ‘पहिल्या पातळीस १५ मिनिटांत प्रतिसाद’ हे ठळक अक्षरांत छापलेले असते. प्रत्यक्षात आपोआप पाठवलेला पोचपावतीचा ईमेल हाही प्रतिसादच ठरतो. तेव्हा चार वेळा वेगवेगळ्या लिहून घ्या: पोच, जाणकार अभियंत्याने काम हाती घेणे, तात्पुरती सोय आणि कायमची दुरुस्ती. मूळ कारणाचा लेखी अहवाल, ज्याला सगळे आरसीए म्हणतात, तो पाच कामकाजाच्या दिवसांत मिळावा.

घड्याळ थांबण्याची व्याख्या तर त्याहून महत्त्वाची. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. ते सदोष अपडेट कंपनीने ७८ मिनिटांत मागे घेतले होते. पण बंद पडलेले बहुतेक संगणक एकेक करून हाताने सुरू करावे लागले आणि ते काम अनेक ठिकाणी कित्येक दिवस चालले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ‘पुरवठादाराने दोष दूर केला की बिघाड संपला’ अशी व्याख्या असलेल्या करारात हा बिघाड ७८ मिनिटांचा ठरेल. ‘ग्राहकाचे काम पूर्ववत सुरू झाले की बिघाड संपला’ असे लिहिले तरच तो खऱ्या लांबीचा ठरतो. टिकेट बंद करण्याचा अधिकारही ग्राहकाच्या होकाराशी बांधा, नाहीतर मध्यरात्री टिकेट परस्पर बंद झाल्याचा ईमेल येतो.

मोठा बिघाड झाला आहे हे जाहीर करण्यालाही मुदत असावी. शेअर बाजाराच्या त्या घटनेनंतर सेबीने मार्च २०२१ मध्ये बाजार संस्थांना बंधन घातले की महत्त्वाची यंत्रणा खंडित झाल्यास ३० मिनिटांच्या आत ती ‘आपत्ती’ म्हणून जाहीर करावी आणि तिथून ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करावे. ‘अजून तपासत आहोत’ असे म्हणत तास घालवण्याची वाट त्यामुळे बंद होते. तुमच्या करारातही असे म्हणता येईल की पहिल्या पातळीचे टिकेट अर्ध्या तासात सुटले नाही, तर पर्यायी सर्व्हरवर किंवा पर्यायी लाइनवर जाण्याचा निर्णय पुरवठादाराला घ्यावाच लागेल.

६. मोजमाप तुमच्याही हातात ठेवा

फक्त पुरवठादाराच्या अहवालावर विसंबणाऱ्या ग्राहकाला सिद्ध करण्यासारखे काही उरत नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनची एस-३ ही साठवण सेवा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात कोलमडली, तेव्हा सेवांची स्थिती दाखवणारा कंपनीचा स्वतःचा फलकही त्याच सेवेवर अवलंबून असल्याने काही तास अद्ययावत करता आला नाही. तिथे कोणाची लबाडी नव्हती. मोजणारे साधन मोजल्या जाणाऱ्या सेवेवरच उभे होते, एवढेच.

झॅबिक्स किंवा स्मोकपिंगसारखी निरीक्षणाची मोफत साधने एका जुन्या संगणकावर बसवता येतात. दर मिनिटाला प्रत्येक शाखेच्या राउटरला पिंग करणे (छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहणे) आणि दर पाच मिनिटांनी सॉफ्टवेअरमध्ये एक चाचणी नोंद करून तिला लागलेला वेळ टिपणे, एवढे पुरेसे आहे. करारात लिहा की दोन्ही बाजूंच्या नोंदींत तफावत आल्यास दोघांच्या मूळ लॉग फाइल, म्हणजे यंत्रांनी आपोआप केलेल्या नोंदी, समोर ठेवल्या जातील आणि पुरवठादाराने सात दिवसांत आपल्या दिल्या नाहीत तर ग्राहकाची नोंद ग्राह्य धरली जाईल.

सगळ्या यंत्रांची घड्याळे जुळलेली असणे अत्यावश्यक आहे. आमच्या एका वादात दोन नोंदींत नऊ मिनिटांचा फरक निघाला आणि आमचा दावा तिथेच लंगडा पडला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी जुळवायची आहेत आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. हे तुम्हाला तसेही करावेच लागते, तेव्हा करारातही तीच अट घाला. प्रकरण न्यायालयात गेले तर संगणकीय नोंदींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, हे वकिलांना विचारून आधीच समजून घ्या.

७. अपवादांची यादी व्याख्येपेक्षा अधिक लक्ष देऊन वाचा

व्याख्या कितीही चांगली असली तरी ‘खालील कारणांनी झालेला व्यत्यय बिघाड समजला जाणार नाही’ या यादीत ती रिकामी होऊ शकते. नियोजित देखभाल मान्य करा, पण सात दिवसांची लेखी पूर्वसूचना, रात्री ११ ते पहाटे ५ ही वेळ आणि महिन्याला जास्तीत जास्त चार तास अशा मर्यादेत. आणि मार्चअखेरच्या आठवड्यात ती अजिबात नको. ‘तातडीची देखभाल’ असा वेगळा शब्दप्रयोग यादीत दिसला तर तो काढायला लावा, कारण तातडीची देखभाल म्हणजेच बिघाड.

‘दैवी आपत्ती’ किंवा ‘आटोक्याबाहेरची कारणे’ या शीर्षकाखाली फायबर कट घुसवलेला असतो. रस्त्याच्या कामात केबल तुटणे महाराष्ट्रात वर्षभर घडते, पावसाळ्यापूर्वी तर हमखास, आणि ते गृहीत धरून मार्ग आखणे हे लाइन पुरवणाऱ्याचेच काम आहे. भूकंप किंवा महापूर यांना सूट द्या, जेसीबीला देऊ नका. तसेच, लास्ट माईल, म्हणजे शाखेपर्यंतचा शेवटचा टप्पा, दुसऱ्या स्थानिक कंपनीकडून घेतलेली असेल तर तिची चूक ही तुमच्याशी करार केलेल्या कंपनीचीच चूक मानली जाईल, असे लिहा. तुमच्या शाखेतली वीज गेली आणि तुमचा यूपीएस बसला, तर तो अपवाद मात्र प्रामाणिकपणे मान्य करावा.

एक अवघड प्रकार आहे आणि त्याचे उत्तर करारातच हवे. जुलै २०२४ च्या शेवटी छोट्या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर हल्ल्याची (खंडणीसाठी डेटा कुलूपबंद करण्याची) शंका आली, तेव्हा राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) खबरदारी म्हणून त्या कंपनीला यूपीआयसारख्या किरकोळ देयक यंत्रणांपासून तात्पुरते तोडले आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या बँकांच्या ग्राहकांना त्या काळात या सुविधा वापरता आल्या नाहीत. यंत्रणा तिसऱ्याने तोडली, पण कारण पुरवठादाराकडे होते. अशा वेळी तो पुरवठादाराचाच बिघाड समजला जाईल हे आधीच लिहिलेले असावे.

८. पुन्हा पुन्हा होणाऱ्या बिघाडाची वेगळी व्याख्या करा

प्रत्येक बिघाड मर्यादेच्या आत दुरुस्त होतो आणि तरी सेवा निरुपयोगी असते, असे घडते. आमचे कलम असे: कोणत्याही ९० दिवसांत पहिल्या पातळीचे तीन बिघाड, किंवा एकाच मूळ कारणाने दोनदा बिघाड, किंवा सलग दोन महिने एखाद्या शाखेची उपलब्धता ९८ टक्क्यांखाली, यांपैकी काहीही झाल्यास ग्राहकाला ३० दिवसांची नोटीस देऊन, मुदतपूर्व समाप्तीचा कोणताही आकार न भरता, त्या शाखेपुरता किंवा संपूर्ण करार संपवता येईल. तीन वर्षांच्या लॉक-इनमधून, म्हणजे मुदतीपूर्वी करार न सोडण्याच्या बंधनातून, बाहेर पडण्याचा हाच खरा दरवाजा आहे. सोबत सोडताना मिळायच्या गोष्टीही लिहा: सगळा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात आणि नव्या व्यवस्थेकडे जाईपर्यंत ९० दिवस सेवा चालू.

९. परिणाम पैशांत आणि कायद्याच्या चौकटीत लिहा

बहुतेक करारांत भरपाई सर्व्हिस क्रेडिटच्या रूपात असते, म्हणजे पुढच्या बिलातून ठरावीक टक्के वजावट. इथे तीन ठिकाणी थांबून वाचा. क्रेडिट आपोआप मिळते की ३० दिवसांत मागावे लागते? त्याची कमाल मर्यादा किती? आणि ‘सर्व्हिस क्रेडिट हाच ग्राहकाचा एकमेव उपाय राहील’ असे वाक्य कुठे दडले आहे का? हे शेवटचे वाक्य राहिले तर महिन्याच्या भाड्याच्या दहा टक्क्यांत तुमचे मार्चअखेरचे सगळे नुकसान मिटवले जाते. चुकीची गणना, माहितीची गळती आणि डेटा कायमचा गमावणे हे तीन प्रकार तरी त्या मर्यादेतून बाहेर काढा.

भारतीय करार कायदा, १८७२ मधली दोन कलमे समजून घेतली पाहिजेत. कलम ७३ नुसार करारभंगाची भरपाई त्याच नुकसानीची मिळते जी स्वाभाविकपणे उद्भवते किंवा जी होण्याचा संभव करार करतानाच दोन्ही पक्षांना माहीत होता. दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानीची मिळत नाही. म्हणून कराराच्या प्रस्तावनेतच लिहा की मार्चअखेरीस आणि व्याज जमा करण्याच्या दिवशी सेवा बंद पडल्यास संस्थेला जादा कर्मचारी, उशिराच्या नोंदी आणि सभासदांचे दावे यांचा खर्च येतो, याची पुरवठादारास कल्पना आहे. या चार ओळींनी नंतरचा मोठा वाद टळू शकतो. कलम ७४ करारात आधीच ठरवलेल्या रकमेबद्दल आहे. ती रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देते. नुकसान सिद्ध करणे शक्य असेल तिथे ते सिद्ध करावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा मनाला येईल तो जबर दंड लिहिण्यापेक्षा रक्कम कशी काढली त्याचा एक पानाचा हिशेब परिशिष्ट म्हणून जोडणे अधिक उपयोगी.

दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) आपले रक्षण करील, या भरवशावर राहू नका. ट्रायच्या ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या गुणवत्ता विनियमांत मोठ्या बिघाडाची व्याख्या आणि भाड्यात सवलत आहे, पण व्याख्या जिल्हा पातळीवरच्या बिघाडाची आहे आणि सवलत तो चोवीस तासांहून लांबला तरच मिळते. तुमच्या एका शाखेची लीज्ड लाइन त्या व्याख्येत बसत नाही. तिचे रक्षण करारातूनच व्हायला हवे.

१०. सुरक्षा-बिघाडाची मुदत तुमच्या मुदतीपेक्षा कमी ठेवा

सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवावी लागते. तुमची संस्था नागरी सहकारी बँक असून रिझर्व्ह बँकेच्या तिसऱ्या किंवा चौथ्या स्तरात येत असेल, तर माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याबाबतचे एप्रिल २०२३ चे निर्देशही लागू होतात आणि तिथे रिझर्व्ह बँकेला कळवण्याचे सहा तास पुरवठादाराला घटना कळल्यापासून मोजले जातात. त्यामुळे ‘२४ तासांत ग्राहकास कळवू’ हे पुरवठादाराचे कलम तुम्हाला नियमभंगात ढकलते. आम्ही दोन तास लिहून घेतले, तेही फोनवर आणि लेखी, दोन्ही प्रकारे. वैयक्तिक माहितीच्या बाबतीत २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवरच ठेवली आहे. काम बाहेर दिल्याने ती बाहेर जात नाही.

११. सही करण्यापूर्वी जुन्या तक्रारींवर व्याख्या तपासा

मागील वर्षाची तक्रारींची नोंदवही काढा, सर्वांत त्रासदायक दहा प्रसंग निवडा आणि प्रत्येकाला नवी व्याख्या लावून बघा: कोणती पातळी लागली असती, घड्याळ केव्हा सुरू झाले असते, किती क्रेडिट मिळाले असते. हे काम पुरवठादाराच्या प्रतिनिधीला समोर बसवून करा आणि दोघांची उत्तरे जिथे जुळत नाहीत तिथले वाक्य तिथेच बदला. आमच्या पहिल्या मसुद्यात दहापैकी चार प्रसंगांवर मतभेद निघाले, आणि त्यांतले दोन ‘सलग’ या एकाच शब्दावरून होते.

करार इंग्रजीत असेल तर संचालक मंडळासाठी व्याख्येच्या भागाचा मराठी अनुवाद करून घ्या आणि मतभेद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य हे लिहा. मग सहीच्या आदल्या रात्री, अकराच्या सुमारास, एस्कलेशनच्या यादीतल्या पहिल्या तीन क्रमांकांवर स्वतः फोन करून पाहा. आमच्या यादीतला दुसरा क्रमांक नोकरी सोडून गेलेल्या अभियंत्याचा होता. दुसऱ्या दिवशी दुरुस्त यादी हाती आल्यावरच अध्यक्षांनी सही केली.